सोळावं नाव

इव्हेट पेल्कीच्या वहीत पंधरा नावं होती आणि सोळावं काही केल्या सापडत नव्हतं.

ऑगस्ट सरत आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती सकाळपासून फोन घेऊन बसली होती. गुरुवार सकाळच्या बोलिंग लीगची चिटणीस म्हणून हे तिचं एकोणिसावं वर्ष. पहिल्या वर्षी इतकी नावं आली होती की तिला पाच जणांना नाही म्हणावं लागलं, आणि त्यातला एक तर पुढे दोन वर्षं तिला ओळख दाखवत नव्हता. आता ती ज्यांना फोन करत होती त्यातले निम्मे फोन उचलत नव्हते आणि उरलेल्या निम्म्यांना काहीतरी झालेलं होतं.

"अर्नेस्ट, येतोयस ना यंदा?"

"मोतीबिंदू काढायचाय गं. एक डोळा सप्टेंबरात, दुसरा ऑक्टोबरात."

"मग एका डोळ्यानं खेळ. तुझा खेळ बघता कुणाला फरक कळणार नाही."

अर्नेस्ट खो खो हसला, पण हो म्हणाला नाही. पुढचं जोडपं कायमचं फ्लोरिडाला गेलेलं. त्याच्या पुढच्या घरी मुलानं फोन घेतला. "आई मे महिन्यात गेली," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी कळवलं नाही का?" इव्हेट दोन शब्द बोलली. फोन ठेवल्यावर तिनं ते नाव खोडायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं असं एका सकाळी किती खोडायचं?

पण सोळा झालेच पाहिजेत, असं निक झर्वासनं तिला बजावलं होतं. हेव्हरिल गावात कँडलपिनचा एवढाच हॉल उरला होता आणि तो निकच्या आजोबांनी बांधलेला. बारा लेन. मेणबत्तीसारख्या बारीक, उंच पिना आणि तळव्यात बसणारा, बोटं घालायला भोकं नसलेला चेंडू. एका फेरीत तीन चेंडू, आणि पडलेल्या पिना मधे उचलायच्या नाहीत. त्या तिथेच आडव्या पडून राहतात, कधी मदत करतात, कधी घात. पूर्ण तीनशे गुण आजवर एकाही माणसाला जमलेले नाहीत. इव्हेटला त्याचाच अभिमान होता. तो मोठ्या चेंडूचा खेळ काय, कुणीही उठून खेळावा.

"पेल्कीबाई, मी तुमच्या विरुद्ध नाही," निक म्हणाला होता. जुन्या यंत्राचं तेल त्याच्या कोपरापर्यंत लागलेलं. "पण ही यंत्रं आता कोण बनवतंय? कुठला तरी हॉल बंद पडतो, तेव्हा मी ट्रक घेऊन जातो आणि त्याचे सुटे भाग काढून आणतो. दुसऱ्याच्या मरणावर किती दिवस काढायचे? सोळा माणसं आणा, म्हणजे चार संघ होतात, गुरुवार तुमचा. नाहीतर मला सहा लेन झाकून पोतडीवाल्यांना द्याव्या लागतील."

"पोतडीवाले कोण आता?"

"उतरत्या फळीला भोक असतं. लांबून त्यात छोटी भरलेली पोतडी टाकायची."

"आणि त्याला खेळ म्हणतात?"

"टीव्हीवर दाखवतात तो," निक म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलेलं दिसलं. कारण त्याच्यासमोर कोण उभं आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या काउंटरमागच्या भिंतीवर अजून तिचा फोटो होता.

एकेकाळी शनिवारी दुपारी बारा वाजता या सगळ्या खोऱ्यात कँडलपिन लागायचं. न्हाव्याच्या दुकानात, दारूच्या गुत्त्यात, घराघरांत. ओव्हनमध्ये संध्याकाळच्या जेवणाच्या शेंगदाणी रंगाच्या बीन्स मंद शिजत असायच्या आणि आख्खं घर टीव्हीसमोर. खेळणारी माणसं म्हणजे कुणी नटनट्या नव्हेत. प्लंबर, पोस्टमन, बुटांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी इव्हेट. एकोणीसशे ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ती लागोपाठ सहा शनिवार जिंकली. आजही बाजारात एखादा म्हातारा ट्रॉली थांबवून तिच्याकडे बघत राहायचा. "तुम्ही त्याच ना? मी आजीकडे बसून बघायचो." मग तो आजीबद्दल बोलायचा. नेहमीच शेवटी आजीबद्दल. इव्हेट मान हलवत राहायची आणि हातातलं गोठवलेलं मासळीचं पाकीट विरघळत राहायचं.

मग एका वर्षी कार्यक्रम बंद झाला. त्या वेळात व्यायामाची यंत्रं विकणारे लोक येऊ लागले. त्यानंतर हॉल एकेक करून गेले. एकाचं औषधांचं दुकान झालं, एकाचं चर्च, एकात लोक जुनं सामान भाड्यानं ठेवतात.

दुपारी स्टॅनली वोइचिक आला. एक्क्याऐंशी वर्षांचा, तिच्याच संघातला, बायको गेल्यापासून रोज कुणाकडे तरी कॉफी पिणारा. त्यानं वही आपल्याकडे फिरवली, चष्मा कपाळावर सारला.

"पंधरा. वा. आणि तुझ्या आराक्सीचं काय?"

"माझी कशी ती?"

"बरं, कुणाची का असेना. परवा त्यांच्या आर्मेनियन चर्चच्या बाजारात पाव विकत होती. पिठाचं पोतं एकटीनं उचललं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, बाजूला हो, पडशील."

"ती नाही येणार."

"विचारलंस?"

"नाही."

"मग तुला काय स्वप्न पडलं? ब्याऐंशी साली तू तिला हरवलंस. त्याचा राग अजून धरून बसली असेल तर बाई कमाल आहे."

इव्हेट उठून सिंककडे गेली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुऊ लागली. स्टॅनलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिचा नवरा कॉनरॅड मेला, त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं.

झालं असं होतं. आराक्सी बोगोशियन आणि ती कारखान्यात सात वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर बसत. एकमेकींच्या डब्यातलं खात. दोघीही उत्तम खेळायच्या, आणि त्या पहिल्या शनिवारी दोघींची गाठ पडली ती टीव्हीवरच. शेवटचा डाव, शेवटची फेरी, इव्हेटचा शेवटचा चेंडू. त्यावर चार पिना पडल्या आणि ती तीन गुणांनी जिंकली. पण चेंडू सोडताना तिच्या उजव्या बुटाचं टोक फाउलच्या रेघेपलीकडे गेलं होतं. बोटभर. तिनं खाली बघितलं, आणि तिला दिसलं. पंचानं फाउलचा दिवा लावला नाही. तो त्या क्षणी रुमालानं मान पुसत होता. कॅमेरा पिनांवर होता. तो चेंडू बाद धरला असता तर ती एका गुणानं हरली असती. बोलायला एक क्षण होता. तेवढ्यात टाळ्या झाल्या आणि तो क्षण गेला.

सोमवारी तिनं मुकादमाला सांगून दुसऱ्या रांगेतलं मशीन मागून घेतलं. त्यानंतर बेचाळीस वर्षं एकाच गावात राहून ती आराक्सीशी बोलली नाही. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. आराक्सीचा नवरा वहान, त्याचं किराणा दुकान होतं, त्या रस्त्यानं जायचं नाही म्हणून इव्हेट पाव आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. रस्त्यात आराक्सी समोरून दिसली की ती चपळाईनं एखाद्या दुकानात शिरायची. एकदा अशीच ती पुरुषांच्या टोप्यांच्या दुकानात शिरली आणि काहीतरी बोलायचं म्हणून कॉनरॅडसाठी टोपी घेऊन आली.

"विचार तरी," दाराशी जाता जाता स्टॅनली म्हणाला. "नाही म्हणाली तर पंधराचे पंधराच आहेत."

शुक्रवारी सकाळी इव्हेट पूल ओलांडून गेली. आराक्सी मुलीच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होती. बाहेरून लाकडी जिना. सतरा पायऱ्या, मधे दोनदा थांबून, गुडघ्यावर हात ठेवून इव्हेटनं श्वास घेतला. दार उघडलं तेव्हा समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची, पिठानं माखलेला एप्रन बांधलेली बाई होती. ऐंशी वर्षांची. भुवया मात्र अजून काळ्याभोर.

"वा," आराक्सी म्हणाली. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग तू कशी आलीस? ये. बूट काढ, फरशी आत्ताच पुसलीय."

तिनं छोट्या भांड्यात दाट कॉफी उकळली, ताजा गोडसर वेणीचा पाव कापून पुढे ठेवला आणि समोर बसून हाताची घडी घातली. इव्हेटनं लीगचं सांगितलं. सोळा माणसं, निक, झाकायच्या लेन, पोतड्या. आराक्सी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"म्हणजे तुला माझी गरज आहे म्हणून आलीस."

"हो."

"बेचाळीस वर्षांत कधी नुसतीच का आली नाहीस? वहान गेला तेव्हा सगळं गाव आलं. तू कार्ड पाठवलंस. पोस्टानं. नदीच्या या काठावरून त्या काठावर."

इव्हेटनं कपाकडे बघत सांगून टाकलं. रेघ, बूट, पंचाचा रुमाल. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, आणि बोलायला पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

"दिसलं होतं मला," आराक्सी म्हणाली.

"काय?"

"मी बाकावर बसले होते. तुझ्या पायापासून चार हातांवर. आंधळी होते का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"जिंकले असते तर पुढच्या शनिवारी परत जावं लागलं असतं. शनिवार म्हणजे दुकानात मुंगी शिरायला जागा नसायची. सासू अंथरुणाला खिळलेली. वहाननं त्या एका दिवसासाठी इतकी कुरकुर केली होती की बस. तुझा बूट पलीकडे गेला आणि मी मनात म्हटलं, सुटले." तिनं पावाचा तुकडा मोडला. "घरी जाताना बसमध्ये मला झोप लागली. इतकं हलकं वाटत होतं."

इव्हेटला काय वाटायला हवं होतं? सुटल्यासारखं. तसं वाटलं नाही. उलट तिला एकदम फार थकवा आला, लांबच्या पत्त्यावर जड सामान वाहून न्यावं आणि तिथे कुणी राहतच नाही असं कळावं, तसा. सहा शनिवार, भिंतीवरचा फोटो, टोप्यांचं दुकान. आणि ही बसमध्ये झोपली होती!

"तू मात्र सोमवारी मशीन बदललंस," आराक्सी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "मला वाटलं, बाई टीव्हीवर गेली, आता आपल्याशेजारी कशी बसेल? तो राग मी धरला. फाउलचा नाही. सात वर्षं माझ्या डब्यातल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या खाल्ल्यास आणि एका दिवसात अशी तोंड फिरवून गेलीस!"

"मला लाज वाटत होती गं."

"ती बोलून दाखवायची असते. मला काय स्वप्न पडणार होतं?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी धुण्याचं मशीन लावलं आणि जमीन हलकेच थरथरू लागली.

"दोन हजार दहा सालापासून मी चेंडूला हात लावलेला नाही," टेबलावरचे पावाचे कण गोळा करत आराक्सी म्हणाली. "खांदा वर जात नाही. सकाळी नऊच्या आत मी येणार नाही. आणि मला आणायला यायचं, जिन्याखाली उभं राहून हॉर्न वाजवायचा. वर येऊ नकोस. तुझा श्वास ऐकून मलाच धाप लागली."

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी सोळा माणसं हजर होती. निकनं मोजली, दोनदा. आराक्सीनं पहिला डाव एकाहत्तरचा टाकला, दुसरा चौसष्टचा. पूर्वी ती सव्वाशेच्या खाली आली की रडवेली व्हायची. आता चेंडू पोचेल की नाही इतका हळू जायचा, मधल्या पिनेला लागायचा, आणि दोन पिना विचार करून पडाव्या तशा पडायच्या.

"ही तुमची टीव्हीवाली?" स्टॅनली मोठ्यांदा म्हणाला. "माझी मेलेली बायको यापेक्षा जोरात टाकेल."

"तिला बोलाव की मग," आराक्सी म्हणाली. "सतरावी होईल."

क्षणभर सगळे दचकले. मग आधी स्टॅनलीच हसला, इतका की त्याला बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं.

ऑक्टोबरात एक गोष्ट घडली. पंचावन्नच्या आसपासचा एक माणूस नातवंडांना घेऊन हॉलमध्ये आला होता. काउंटरमागचा फोटो बघून तो या दोघींपाशी आला, आणि आराक्सीचाच हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही! मी तुमच्या सगळ्या मॅचेस बघितल्यात. त्या उंच फ्रेंच बाईला शेवटच्या चेंडूवर हरवलंत ती तर मला आजही डोळ्यांपुढे दिसते. बारा वर्षांचा होतो. माझी आजी खुर्चीतून उठून उभी राहिली होती."

उंच फ्रेंच बाई शेजारीच बुटाची नाडी बांधत होती. ती वाकलेलीच राहिली. खरं सांगायला काही पुरावा तरी कुठे होता? त्या स्टेशननं तेव्हाच्या फिती कधीच पुसून त्यावर दुसरं काही भरलं होतं. तो शनिवार आता फक्त काही म्हाताऱ्या डोक्यांत उरला होता, आणि तिथे तो असा उरला होता.

"थोडक्यात जिंकले," आराक्सी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "ती बाईही चांगली होती. पण पाय फार पुढे टाकायची."

तो माणूस गेल्यावर इव्हेट म्हणाली, "हे बरं केलंस?"

"त्याच्या आजीला खुर्चीत परत बसवू का मी?" आराक्सी म्हणाली. "जा. तुझी पाळी आहे."

त्या दिवशी इव्हेटनं शंभरावर एक गुण केला. तिला त्याचा फारसा आनंद झाला नाही. पण घरी जाताना तिला जाणवलं, बाजारातल्या त्या म्हाताऱ्यांना आता काही सांगायची गरज नाही. त्यांनी काहीही आठवावं.

हिवाळा निघाला. जानेवारीत एक जण घसरून पडला, फेब्रुवारीत अर्नेस्टसारखाच आणखी एकाचा मोतीबिंदू निघाला. पंधरा झाले, चौदा झाले. निकनं मोजायचं सोडून दिलं. एप्रिलात तो हातात टोपी घेऊन इव्हेटसमोर बसला. सहा लेनवर तो दोरीची यंत्रं बसवणार होता. पिनांच्या डोक्याला दोरी, पडल्या की वर ओढून घ्यायच्या. दुरुस्तीला माणूस लागत नाही. उरलेल्या सहा झाकून पोतडीवाल्यांना द्यायच्या, आणि गुरुवारही त्यांनाच.

"तुम्ही वचन पाळलंत," तो म्हणाला. "मला जमलं नाही. आजोबांना काय सांगू, तेच कळत नाही."

"त्यांना काही सांगू नकोस," इव्हेट म्हणाली. "वर्षभर तरी खेळायला मिळालं. घरी जा, झोप काढ. डोळे बघ तुझे."

लीग तिथे संपली. समारंभ वगैरे झाला नाही. कुणीतरी डोनट आणले होते, ते उरले. स्टॅनलीनं गाडी चालवणं सोडलं होतं, तो म्हणाला, मी आता कॉफीच पितो. पण न्यू हॅम्पशायरमध्ये, पाऊण तासावर, एका हॉलमध्ये मंगळवारची लीग अजून चालू होती, आणि त्यांना दोन माणसं कमी पडत होती.

"पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं," आराक्सी म्हणाली. "आणि मधे साठ गुण करायचे. वेड लागलंय का आपल्याला?"

"मग सांगू का नाही म्हणून?"

"नाही म्हणाले का मी? विचारलं फक्त."

मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी दोघी गेल्या. तिथे सगळ्याच लेनवर दोऱ्या होत्या. पिना पडायच्या तेव्हा तो जुना कडकडाट नव्हता, लटकत्या सामानाची आदळआपट ऐकू यायची. आराक्सीनं पहिला चेंडू टाकून झाल्यावर मागे वळून विचारलं, "यातल्या मी पाडल्या किती आणि दोरीनं पाडल्या किती?" तिथल्या एका बाईला ते आवडलं नाही. दुसरी हसली आणि तिनं या दोघींना सूप दिलं. दोघी आपल्या संघासकट हरल्या. पुढच्या मंगळवारी परत यायचं ठरलं.

परतताना ऊन तिरपं झालं होतं. आराक्सी थोडा वेळ त्या दोऱ्यांना नावं ठेवत राहिली. मग तिचं बोलणं तुटक झालं, मान खिडकीकडे कलली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. इव्हेटनं रेडिओ बंद केला. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. तिला नीट बघून चालवावं लागत होतं, पाठीत कळ येत होती. त्या नादात हेव्हरिलचा फाटा हुकला. पाटी मागे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं शेजारी एकदा बघितलं, तिला झोपू दिलं, आणि पुढच्या फाट्यावरून वळायला डावी लेन सोडून उजवीकडे आली.